रणभूमीपासून स्मारकभवनापर्यंत

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथें एन्स्ली नांवाच्या डोंगराच्या पायथ्याशीं एक भव्य दगडी वास्तु उभी आहे. तिला ऑस्ट्रेलियन युद्धस्मारक असें म्हणतात. ही वास्तु अंशतः देवालय, अंशतः संग्रहालय आणि अंशतः दप्तरखाना आहे. १९१६ सालीं फ्रान्समधील पोझियेर येथील संहार डोळ्यांनीं पाहिलेले वार्ताहर व इतिहासकार चार्ल्स बीन यांच्या मनांत तिची कल्पना उद्भवली, आणि ११ नोव्हेंबर १९४१ रोजीं, दुसरें महायुद्ध चालूं असतांनाच, ती लोकांस खुली झाली. मधल्या अंगणाच्या दोन्ही अंगांच्या ओवऱ्यांत ब्राँझच्या फलकांवर एक लाखाहून अधिक मृतांचीं नांवें आहेत. त्यांतील एकाहि नांवामागें हुद्दा लावलेला नाहीं. सेनानायक आणि साधा शिपाई एकाच रांगेंत आहेत.

परंतु ज्या अंगणांत ही समता साधली, त्याच अंगणाच्या भिंतींवर बांधकामाच्या वेळीं दगडांत कोरलेलीं कांहीं मुखें बसविण्यांत आलीं. तीं त्या देशांतील पशु, पक्षी व सरपटणारे प्राणी यांचीं होतीं. आणि त्यांच्याच मालिकेंत त्या देशाच्या मूळ रहिवाशांपैकीं एका पुरुषाचें व एका स्त्रीचें मुख होतें. मूळ रहिवासी मनुष्य हा अरण्यांतील जीवसृष्टीचाच एक भाग होय, अशी समजूत त्या काळच्या विद्वानांतहि किती रुळलेली होती, याचें यापरतें दुसरें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं.

एकीकडे ब्राँझचा फलक आणि दुसरीकडे दगडाचें मुख! या दोहोंमधील अंतर ज्यानें आपल्या आयुष्यांत पायीं चालून काटलें, आणि अखेरीस त्याच वास्तूच्या नियामक मंडळांत ज्यास आसन मिळालें, त्या कॅप्टन रेजिनाल्ड वॉल्टर सॉन्डर्स याची ही कथा आहे.

रेग सॉन्डर्स याचा जन्म ७ ऑगस्ट १९२० रोजीं व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागांतील फ्रॅम्लिंगहॅम येथें झाला. सरकारनें मूळ रहिवाशांसाठीं राखून ठेवलेल्या वसाहतींपैकीं ती एक वसाहत होती. तो गुंडिचमारा जमातीचा. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी सारेच भटके व घरदार नसलेले होते, असें जें शाळेच्या पुस्तकांतून अनेक वर्षें शिकविलें गेलें, तें खोटें पाडण्यास ही एकच जमात पुरेशी आहे. ज्वालामुखीच्या थिजलेल्या रसाचे दगड रचून या लोकांनीं पाण्याचे पाट व बांध घातले, त्यांत ईल जातीचे मासे अडवून पोसले, आणि त्याच दगडांचीं घरें बांधून ते तेथें राहिले. या रचनेचा कांहीं भाग किमान ६६०० वर्षांचा आहे, असें संशोधकांनीं दाखविलें असून, बज बिम या नांवानें हा प्रदेश २०१९ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाला. एकोणिसाव्या शतकांत गोरे मेंढपाळ आले, तेव्हां गुंडिचमारांनीं आपल्या भूमीसाठीं दीर्घकाळ झुंज दिली. म्हणजे लढणें हें या कुळास नवें नव्हतें. दुसऱ्यासाठीं लढणें तेवढें नवें होतें.

रेगचें बालपण लेक कॉन्डाह या तळ्याकांठच्या मिशनच्या वसाहतींत गेलें. आई तो लहान असतांनाच वारली. त्यास व धाकटा भाऊ हॅरी यास आजीनें वाढविलें. बाप क्रिस सॉन्डर्स हा पहिल्या महायुद्धांत लढून आलेला होता. रेगचें नांवहि एका सैनिकाच्या स्मरणार्थ ठेवलेलें होतें. त्याच्या नात्यांतील विल्यम रेजिनाल्ड रॉलिंग्ज हा २९ व्या पलटणींतील शिपाई. जुलै १९१८ मध्यें मोर्लांकूर येथें शत्रूचे खंदक संगिनीनें मोकळे करतांना दाखविलेल्या शौर्याबद्दल त्यास मिलिटरी मेडल मिळालें, आणि तें अंगावर मिरविण्यापूर्वींच ९ ऑगस्ट १९१८ रोजीं तो पडला. त्याच दिवशीं हॅरी थॉर्प नांवाचा दुसरा एक मूळ रहिवासी सैनिकहि पडला. त्यासहि तेंच पदक मिळालेलें होतें. फ्रान्समधील एकाच स्मशानभूमींत दोघे चिरनिद्रा घेत आहेत.

येथें एक प्रश्न सहजच उभा राहतो. या लोकांस सैन्यांत प्रवेश तरी होता काय? १९०९ च्या संरक्षणविषयक कायद्यानें ज्यांचें कूळ मुख्यतः युरोपीय नाहीं, त्यांस सैनिकी सेवेंतून वगळलेलें होतें. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभीं कित्येकांस भरतीच्या दारावरूनच परत पाठविण्यांत आलें. पुढें माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां १९१७ सालीं नियम सैल झाला : आईबापांपैकीं एक जण युरोपीय आहे अशी वैद्यकीय अधिकाऱ्याची खात्री पटल्यास भरती करावी! रक्ताची चौकशी अशी रक्त सांडण्यापूर्वीं होत असे. तथापि एक हजाराहून अधिक मूळ रहिवासी त्या युद्धांत गेले, असें आज दिसून आलें आहे. लेक कॉन्डाहच्याच लव्हेट कुटुंबांतील पांच भाऊ त्या युद्धांत लढले, आणि त्यांपैकीं चौघे दुसऱ्या महायुद्धांतहि पुनः सैन्यांत दाखल झाले.

रेग वयाच्या चौदाव्या वर्षांपासून लांकूडकापीच्या गिरणींत काम करूं लागला. पुढें बाप व दोघे भाऊ यांनीं मिळून स्वतःची गिरणी घातली, ती वणव्यांत भस्मसात् झाली. युद्ध सुरू झाल्यावर २४ एप्रिल १९४० रोजीं त्यानें सैन्यांत नांव नोंदविलें. हा दिवस महत्त्वाचा आहे; कारण त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, युरोपीय कुळाचे नसलेल्या माणसांची भरती इष्ट नाहीं, असा लष्करी अधिकाऱ्यांनीं निर्णय घेतला. जपान युद्धांत उतरल्यावर गरजेपुढें तो निर्णय बराचसा गळून पडला, ही गोष्ट वेगळी. रेगच्या अंगचे गुण मात्र लौकरच वरिष्ठांच्या नजरेंत भरले, आणि तो सार्जंटच्या पदापर्यंत चढला.

१९४१ सालीं तो २/७ या पलटणींत उत्तर आफ्रिकेंत होता. तेथून तो ग्रीसमध्यें गेला. ग्रीस पडल्यावर परत येतांना पलटणीच्या 'कोस्टा रिका' या जहाजावर बाँबहल्ला होऊन तें बुडालें; माणसें वांचलीं व क्रीट बेटावर उतरलीं. २० मे रोजीं जर्मन छत्रीधारी सैनिक त्या बेटावर आकाशांतून उतरूं लागले. २७ मे रोजीं सूदा नजीकच्या 'बेचाळिसावा मार्ग' नांवाच्या रस्त्यावर ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडच्या सैनिकांनीं संगिनी उपसून जो प्रतिहल्ला केला, त्यांत ही पलटण होती. पुढें माघार सुरू झाली, आणि माघार घेणाऱ्यांची पाठ राखण्याचें काम याच पलटणीकडे आलें. पाठराखे शेवटीं किनाऱ्यावर पोंचले, तेव्हां शेवटचीं जहाजें निघून गेलीं होतीं. हजारों सैनिक शत्रूच्या हातीं सांपडले.

रेग त्यांत नव्हता. त्यानें डोंगर गांठला आणि जवळजवळ अकरा महिने तो क्रीटमध्यें लपून राहिला. त्या बेटावरील गरीब शेतकऱ्यांनीं त्यास भाकरी दिली, आसरा दिला आणि आपली भाषा शिकविली. परक्या सैनिकास थारा देणाऱ्यांस जर्मन सैनिक गोळ्या घालीत व गांवेंच्या गांवें जाळीत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आतिथ्याची किंमत कळते. मे १९४२ मध्यें एका लहान नावेंतून त्याची सुटका झाली. ज्यास स्वतःच्या देशांत कित्येक उपाहारगृहांच्या व मद्यगृहांच्या उंबरठ्याआंत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यास परदेशांतील अनोळखी माणसांनीं प्राण पणास लावून आपल्या चुलीजवळ बसविलें!

तो मायदेशीं परतला आणि त्याच सुमारास, २९ नोव्हेंबर १९४२ रोजीं, न्यू गिनींतील गोना येथें त्याचा भाऊ हॅरी मारला गेला. हॅरी २/१४ या पलटणींत होता. भावाच्या मृत्यूचें दुःख घेऊन रेगहि त्याच बेटावर गेला आणि १९४३ च्या वाऊ-सालामाऊच्या मोहिमेंत सार्जंट म्हणून लढला. घनदाट अरण्य, चिखल, हिवताप आणि हाताच्या अंतरावरहि न दिसणारा शत्रु, अशा त्या युद्धांत त्याचें नेतृत्व असें दिसून आलें कीं, त्याच्या सेनाधिकाऱ्यानें त्यास अधिकारपदासाठीं पुढें पाठविण्याची शिफारस केली. गोऱ्या सैनिकांनीं मूळ रहिवासी अधिकाऱ्यास सलाम करावा, ही गोष्ट इतकी अपूर्व वाटली कीं, प्रकरण थेट सरसेनापति ब्लेमी यांच्यापर्यंत गेलें. त्यांनीं संमति दिली. व्हिक्टोरियांतील सीमूर येथें सोळा आठवड्यांचें शिक्षण पुरें करून २५ नोव्हेंबर १९४४ रोजीं रेग सॉन्डर्स लेफ्टनंट झाला. त्याच दिवशीं त्याच्याबरोबर अधिकारी झालेला त्याचा खोलीसोबती म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला प्रख्यात वीर टॉम डेरिक. डेरिक त्याचें हस्तांदोलन करून अभिनंदन करीत आहे, असें त्या दिवशीं घेतलेलें छायाचित्र युद्धस्मारकाच्या संग्रहांत आहे. सहा महिन्यांच्या आंतच डेरिक ताराकान बेटावर धारातीर्थीं पडला.

नवा लेफ्टनंट आपल्याच जुन्या पलटणींत परत आला. तीस-पस्तीस गोरे सैनिक त्याच्या हुकुमाखालीं ऐटापे-वेवाकच्या मोहिमेंत लढले. तेथें तो गुडघ्यास गोळी लागून जखमी झाला, आणि युद्ध संपलें.

येथून पुढील भाग अधिक कष्टाचा आहे. जपानमध्यें ठेवावयाच्या सैन्यांत जाण्याची त्याची इच्छा होती. परंतु त्या सैन्यांत मूळ रहिवाशांस घ्यावयाचें नाहीं, असें ठरलें. पांच वर्षें सैन्यांत घालविलेला अधिकारी मेलबोर्नमध्यें मालवाहतुकीच्या कचेरींत कारकून झाला, बांधकामावर मजूर झाला. त्याच सुमारास परतलेल्या सैनिकांस जमिनी वाटण्याची सरकारी योजना चालूं होती. ज्या लेक कॉन्डाहच्या वसाहतींतून इतके वीर निघाले, त्या वसाहतीचीच जमीन या योजनेखालीं तुकडे करून गोऱ्या सैनिकांस वांटण्यांत आली. दोन युद्धांत लढलेल्या लव्हेट बंधूंपैकीं एकानें अर्ज केला, तो नाकारला गेला. ज्या भूमीसाठीं ते लढले, ती त्यांच्याच डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नांवें चढली. १९४९ सालीं एवढें मात्र झालें कीं, सैन्यांत सेवा केलेल्या मूळ रहिवाशांस मध्यवर्ती निवडणुकींत मताचा अधिकार मिळाला. इतरांपैकीं पुष्कळांस त्यासाठीं १९६२ पर्यंत थांबावें लागलें.

१९५० सालीं कोरियांत युद्ध पेटलें, आणि रेग सॉन्डर्स पुनः सैन्यांत दाखल झाला. तिसऱ्या ऑस्ट्रेलियन पलटणींत तो कॅप्टन झाला व 'सी' कंपनीचें आधिपत्य त्याच्याकडे आलें. एप्रिल १९५१ मध्यें चिनी सैन्याचा प्रचंड लोंढा दक्षिणेकडे निघाला. कापयोंग नदीच्या खोऱ्यांतून मागें पळणाऱ्या सैनिकांचे व निर्वासितांचे थवे येऊं लागले, आणि तें खोरें अडविण्याचें काम राष्ट्रकुलाच्या एका ब्रिगेडवर पडलें. एका टेकडीवर ऑस्ट्रेलियन, दुसरीवर कॅनेडियन, मागें न्यूझीलंडच्या तोफा, अशी ती मांडणी होती. जखमींची शुश्रूषा करण्यास याच ब्रिगेडबरोबर हिंदुस्थानचें ६० वें छत्रीधारी वैद्यकीय पथक होतें, ही गोष्ट आपणांस विशेष अभिमानाची आहे. २३ तारखेच्या रात्रीपासून २५ तारखेपर्यंत लढाई चालली. ऑस्ट्रेलियनांपैकीं ३२ जण ठार व ५९ जखमी झाले. परंतु लोंढा थोपला आणि सोलची वाट वांचली. या पलटणीस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मानलेख मिळाला. २५ एप्रिल हाच ऑस्ट्रेलियाचा अँझॅक दिन होय; गॅलिपोलीच्या वीरांचें स्मरण त्या दिवशीं करतात. आपण आज खरे अँझॅक झालों असें त्या दिवशीं वाटलें, असें सॉन्डर्सनें पुढें सांगितलें. राष्ट्राच्या ज्या पुण्यकथेंत त्याच्या आप्ताला, बापाला व भावाला धड जागा मिळाली नव्हती, त्या कथेंत आपण हक्कानें शिरलों, ही ती भावना होती.

कोरियाहून परतल्यावर त्याच्याकडे नव्या पोरांना कवाइत शिकविण्याचें काम आलें. त्यांत त्याचें मन रमलें नाहीं, आणि १९५४ सालीं त्यानें सैन्य सोडलें. पुढें लांकूडतोड, कारखान्यांतील नोकरी, असे पोटाचे उद्योग चालले. १९६२ सालीं हॅरी गॉर्डन या पत्रकारानें त्याचें चरित्र लिहिलें. त्याच्या नांवाचा अर्थ 'अडचणींत टाकणारा ऑस्ट्रेलियन' असा होतो. नांव नेमकें आहे. हा मनुष्य कोणावर ओरडत नव्हता, कोणाचें उणें काढीत नव्हता. त्याचें नुसतें असणेंच राष्ट्राच्या सदसद्विवेकबुद्धीस अडचणीचें होतें. ज्यास रणांगणावर शेकडों माणसांचे प्राण सोंपवितां, त्यास गांवांत शेजारी म्हणून कां नको, या प्रश्नास उत्तर नव्हतें.

१९६७ सालीं जनमत घेण्यांत आलें आणि ९० टक्क्यांहून अधिक मतांनीं घटना बदलली. मूळ रहिवाशांस जनगणनेंत न मोजण्याचें कलम रद्द झालें, आणि त्यांच्याविषयीं कायदे करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास मिळाला. त्यानंतर मूळ रहिवाशांच्या कारभारासाठीं सरकारी कचेरी उघडली, आणि १९६९ मध्यें सॉन्डर्स तेथें संपर्क-अधिकारी म्हणून रुजू झाला. सरकार व त्याचे जातभाई यांच्यामध्यें दुभाषाचें काम त्यानें पुढें कैक वर्षें केलें. १९७१ सालीं त्यास एम्. बी. ई. हा किताब मिळाला.

आणि १९८५ सालीं ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकाच्या नियामक मंडळावर त्याची नेमणूक झाली.

वरवर पाहतां ही एक मानाची जागा आहे. त्यांत न मावणारें असें काय आहे, असें कोणी विचारील. परंतु संग्रहालय म्हणजे कपाटांत मांडलेल्या जुन्या वस्तु नव्हेत. काय जपावयाचें आणि काय विसरावयाचें, हें राष्ट्र तेथें ठरवितें. रॉलिंग्जचें नांव २९ व्या पलटणीच्या फलकावर होतें, हॅरी सॉन्डर्सचें २/१४ च्या फलकावर होतें. पण तीं नांवें वाचणाऱ्यास तीं कोणाचीं, हें कळण्याचा मार्ग नव्हता. पहिल्या महायुद्धांत भरतीच्या कागदावर वंशाचा रकानाच नव्हता, म्हणून दप्तरांतूनहि मूळ रहिवासी सैनिक हुडकून काढणें कठीण. नांव होतें, ओळख नव्हती. ज्याच्या घरांत त्या नांवांच्या कथा आजीच्या तोंडून ऐकिलेल्या होत्या, असा मनुष्य त्या मंडळांत येऊन बसला, याचें महत्त्व येथें आहे.

सॉन्डर्स २ मार्च १९९० रोजीं सिडनी येथें निवर्तला. परंतु उघडलेलें दार मिटलें नाहीं. पुढें स्मारकानें मूळ रहिवाशांसाठीं एक संपर्क-अधिकारी नेमला, तोहि माजी सैनिकच होता. घराघरांतील पत्रें, छायाचित्रें, पदकें व आठवणी गोळा होऊं लागल्या. दुसऱ्या महायुद्धांत सुमारें तीन हजार मूळ रहिवासी, आणि टॉरस सामुद्रधुनींतील बेटांवरचे आठशेंहून अधिक पुरुष लढले, हें लोकांपुढें आलें. त्या बेटवासीयांस आरंभीं गोऱ्या सैनिकाच्या एक-तृतीयांश पगारावर राबविलें, हेंहि लपून राहिलें नाहीं. २०१५ सालीं स्मारकाच्या एका दालनास व अंगणास कॅप्टन रेग सॉन्डर्सचें नांव देण्यांत आलें. २०१९ सालीं स्मारकाच्या आवारांत मूळ रहिवासी सैनिकांसाठीं एक स्वतंत्र शिल्प उभें राहिलें, त्यांत देशभरच्या जमातींनीं आपापल्या भूमीची माती आणून ठेविली.

या शोधाचें एक फळ तर मोठें विलक्षण आहे. सॉन्डर्स हा मूळ रहिवाशांपैकीं पहिला सनदी सेनाधिकारी, असें अनेक वर्षें सर्वत्र छापलें जाई. परंतु जुने कागद व कुटुंबांच्या वंशावळी जुळवितां जुळवितां टास्मानियाचा आल्फ्रेड हर्प्स याचा पत्ता लागला. तो १९१६ सालींच सेकंड लेफ्टनंट झाला होता, आणि त्याच ऑगस्टांत फ्रान्समधील मूके फार्म येथें पडला. म्हणजे पहिलेपणाचा मान सॉन्डर्सकडून गेला. कोणास यांत त्याची हानि वाटेल. वस्तुतः हाच त्याचा विजय होय. तो एकटा अपवाद होता, ही कल्पना त्याच्या शत्रूंस जितकी सोयीची, तितकीच त्याच्या मित्रांसहि सोयीची होती. कारण अपवादाची स्तुति करून नियम तसाच ठेवतां येतो. हर्प्सचें नांव सांपडल्यानें तो अपवाद उरला नाहीं. एका लांब रांगेंतला एक झाला.

सॉन्डर्सनें संगिनीनें मिळविला तो हुद्दा. परंतु आपल्या माणसांचीं नांवें त्यांच्या खऱ्या ओळखीसह परत मिळविण्याचें काम संगिनीचें नव्हतें. तें दप्तरांचें, आठवणींचें व संग्रहालयाचें होतें. पहिलें काम त्यानें स्वतःच्या हातांनीं केलें, आणि दुसरें काम जेथें व्हावयाचें होतें त्या मंडळांत आपल्या हयातींतच तो जाऊन बसला. फलकावरील नांवें आज तींच आहेत. त्यांपुढें उभा राहणारा मनुष्य मात्र आतां विचारूं शकतो कीं, हा रॉलिंग्ज कोण, हा हॅरी सॉन्डर्स कोण. आणि त्यास उत्तर मिळतें.